संयम बँडचा एक माणूस

“थांबा. बठ्ठा थांबा. वाजवणं बंद, नाचणं बंद. तो घोडा पण बंद करा.”

जनरेटरच्या हातगाडीवर उभं राहून शमुवेलनाना ओरडत होते आणि पारोळा रोडवरची आख्खी वरात जागच्या जागी थिजली होती. घोड्यालाही काहीतरी कळलं असावं, कारण त्यानं उचललेला पाय तसाच हवेत धरून ठेवला. नानांच्या अंगात लाल कोट, खांद्यावर काळवंडलेल्या जरीच्या झालरी, आणि कडेवर लहान मूल घ्यावं तसं ते अवाढव्य पितळी वाद्य, युफोनियम. बँडमधली माणसं त्याला ‘हत्ती’ म्हणत. पण त्या घडीला महत्त्वाचं होतं ते नानांचं नाक. ते वाऱ्याच्या दिशेनं वळलेलं होतं.

“कोण प्यायलंय?” नाना म्हणाले.

नवरदेव आणि घोडा सोडले तर हा प्रश्न उलटा विचारणं सोपं पडलं असतं.

“सांगा, नाहीतर मी सांगतो. नवरदेवाचा मामा. कोटाचा डावा खिसा. अर्धी आहे.”

मामानं डावा खिसा चाचपला. खरंच अर्धी होती. त्याला वाटत होतं, पाऊण असेल.

नवरदेवाचे वडील हात जोडून पुढे आले. “नाना, मुहूर्त टळी राहिना. पोरीकडला वाट पाही राहिनात. आजना दिवस जाऊ द्या ना.”

“आबा, मुहूर्ताला मी आडवा येत नाही. मामा येतोय. आणा त्याला इकडे.”

मग संयम बँडचा तो सुप्रसिद्ध विधी झाला. मोठा ड्रम रस्त्यावर आडवा ठेवला गेला. मामानं उजवा तळवा चामड्यावर पालथा ठेवला. “मी आजपासून तिला शिवणार नाही, शिवलो तर हा हात माझा नाही,” एवढं नानांनी त्याच्याकडून वदवून घेतलं आणि शेवटच्या शब्दाला, हाताच्या अगदी शेजारी, गोळ्याच्या काठीनं असा दणका हाणला की मामा कोपरापर्यंत हादरला. नानांचं म्हणणं असायचं, “जिभेवरची शपथ ओली असते, घसरते. शपथ कोपरापर्यंत चढली पाहिजे.”

वरात पुढे निघाली. पुढच्या चौकात मामा पुन्हा नाचत होता आणि खिशातली आता संपलेली होती. शपथ कोपराच्या वर काही चढली नव्हती.

माझं अमळनेरला मंडपाचं दुकान. त्यामुळे तालुक्यातलं एकही लग्न मी चुकवलेलं नाही आणि एकाही लग्नात मला कोणी ‘जेवलात का’ असं विचारलेलं नाही. मंडपवाला बांबूसारखा असतो, सगळं त्याच्यासमोर होतं आणि कोणाच्या ते लक्षात येत नाही. नानांना मी पाहिलं ते असं, बांबूच्या जागेवरून. यात एक अक्षर वाढवून सांगत नाही. जे वाढवलंय ते अक्षर नाही, वस्तुस्थितीच मुळात कमी पडत होती.

नानांचे आजोबा मोठ्या दुष्काळातले अनाथ. ही गोष्ट मी नानांकडून इतक्या वेळा ऐकली की त्या दुष्काळात मीच उपाशी होतो असं मला वाटायला लागलं होतं. मेथडिस्ट मिशनची एक मडम बैलगाडी घेऊन गावोगाव फिरली, रस्त्याकडेची पोरं उचलून आणली, त्यांना पेज पाजली. दवाखाना काढला. मुलींची शाळा काढली. गावातल्या वजनदार माणसांनी तिला येऊन सांगितलं, पोरी वाचायला लागल्या की विहिरी आटतात. विहिरी आधीच आटलेल्या होत्या, त्यामुळे मडमेला काही उत्तर द्यावं लागलं नाही. मुलग्यांना तिनं हाताला काम शिकवलं. नानांचे आजोबा सुतारकामाला बसवले तर त्यांनी केलेल्या स्टुलावर बसलेला माणूस हळूहळू दाराकडे सरकत जायचा. शिवणकामाला बसवले तर सदऱ्याला डोकं बाहेर काढायला जागाच नाही. शेवटी चूल पेटवायला बसवले. त्यांनी एक फुंकर घातली आणि स्वयंपाकघराची चार कौलं उडाली. मडम म्हणाली, या पोराचं काहीतरी होईल.

तिकडून परदेशातून मिशनला दर वर्षी जुन्या गरम कपड्यांच्या पेट्या यायच्या. त्या वर्षी पेट्या उघडल्या तर आत वाद्यं. बोटीवर पेट्यांची अदलाबदल झाली असणार, एखाद्या पलटणीला स्वेटर गेले असतील. थंडीत पोरांना ट्रॉम्बोन पांघरता येईना, म्हणून मडमेनं ते वाजवायला दिले. असा संयम बँड निघाला. त्याचं काम एकच. बाजाराच्या दिवशी दारूच्या गुत्त्यासमोर उभं राहायचं आणि वाजवायचं. मडम परत निघाली तेव्हा तिनं आजोबांच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, या बँडमुळे एका माणसाची जरी सुटली तरी तुमचं काम झालं. तोवर वाजवत राहा.

आजोबांनी ते शब्दशः घेतलं. त्यांनी जन्मभर वाजवलं, कोणाची सुटली नाही. वडिलांनी वाजवलं. त्यांच्या वेळी काही जणांची सुटली, पण ती मेल्यामुळे, आणि मेलेला धरायचा नाही असा नानांच्या घरचा कडक नियम होता. मग नाना आले.

“मंडपवाले,” ते मला सांगत, “मिशननं घेतलेली सगळी कामं झाली. दुष्काळ सरला. देवीची साथ गेली. मुली तर इतक्या शिकल्या की आता आपल्यालाच गप्प बसवतात. दवाखाना सरकारी आला, शाळा सरकारी आली. एवढं एकच काम शिल्लक आहे, आणि ते आमच्या घराकडे आहे. एक माणूस. फार नाही मागत मी. फक्त एक.”

हे बोलताना त्यांचा आवाज खाली यायचा, आणि ज्या माणसाच्या शिंकेनं स्टेशनातली मालगाडी दचकायची त्याचा आवाज खाली आला की आपण नुसती मान हलवतो.

ते ‘दारू’ हा शब्द उच्चारत नसत. ‘ती’ म्हणत. घरी कोणी स्त्रीविषयी ‘ती आली’ म्हणालं तरी दचकून दाराकडे बघत. खोकल्याचं औषध घेत नसत, त्यात ती असते. होमिओपॅथीच्या गोळ्यांना शिवत नसत, त्यांनी तिचा वास घेतलेला असतो. चहा काचेच्या ग्लासातून कधी प्यायले नाहीत, ग्लासाला सवयी लागतात म्हणून. बाजारात जायच्या सरळ रस्त्यावर ते दुकान होतं, तर त्या रस्त्यानं चाळीस वर्षं गेले नाहीत. वळसा घालून जात. वळसा एवढा मोठा की एकदा मेथीची जुडी आणायला निघाले आणि वाटेत धुळ्याला लेकीकडे जेवून आले. जुडी तोवर वाळली होती, पण नाना कोरडेच होते.

चर्चमध्ये प्रभुभोजनाचा रस करायचं काम त्यांच्याकडे होतं. मेथडिस्ट मंडळीत द्राक्षारस म्हणजे नुसता रस, त्यात ती नसते. नाना काळ्या मनुका भिजवून, उकळून, गाळून तो करत, आणि कोणावर विश्वास नाही म्हणून पातेलं स्वतःच्या खाटेखाली ठेवत. एका मे महिन्यात त्यांनी शुक्रवारी रस केला. आमच्याकडचा मे म्हणजे सावलीत ठेवलेली कोंबडी अंड्याऐवजी ऑम्लेट देते. रविवारपर्यंत त्या पातेल्यात काय झालं ते नानांच्या नाकाला कळायला हवं होतं, पण त्या आठवड्यात नेमकी त्यांना सर्दी. मंडळीनं रस घेतला. तेव्हाचे म्हातारे पाळक उपदेश करताना एकदम हसू लागले. मागच्या बाकावरच्या बायकांनी न सांगता तिसरं गीत सुरू केलं, पुढच्यांनी पाचवं. नानांनी उरलेला रस वाया जाऊ नये म्हणून संपवला होता. ते उठले, हत्ती उचलला आणि असं काही वाजवलं की रस्त्यावरून जाणारी माणसं चपला काढून आत येऊन उभी राहिली. आयुष्यात त्यांनी एवढं सुंदर कधी वाजवलं नव्हतं, नंतरही नाही.

दुपारी त्यांना कळलं. संध्याकाळच्या आत त्यांनी ड्रम आडवा ठेवून सगळ्या मंडळीकडून, पाळकांसकट, ओळीनं शपथ घेतली. शेवटी स्वतःचा हात ठेवला. काठी मारायला दुसरं कोणी धजेना, म्हणून डाव्या हातानं स्वतःच मारली. ती चुकून हातावर बसली. ते म्हणाले, बरं झालं.

आता त्या गाण्याविषयी सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा त्यानं केला. मडमेनं जाण्याआधी स्वतः मराठीत एक गीत रचून दिलं होतं. दारूनं माणसाचं काय काय जातं, त्याची नुसती यादी.

घर गेलं, दार गेलं,
बैल गेला, शेत गेलं,
ताट गेलं, वाटी गेली,
बायको माहेराला गेली.

प्रत्येक ‘गेलं’नंतर ड्रमचा एक दणका. ऐकणाऱ्याच्या काळजात भीती बसावी म्हणून मडमेनं तो घातला होता. चाल तिच्या देशातल्या कवायतीची. पण ती खानदेशातल्या कमरेला अशी बसली की जणू माप घेऊन शिवली. वरातीत कोणी प्यायलेला दिसला की नाना फिल्मी गाणं मध्येच तोडून हे गीत सुरू करायचे. लोक आधी बावचळले. मग एका लग्नात, चोपड्याकडच्या, दणक्याबरोबर कोणीतरी हात वर करून ओरडला, “गेलं!” दुसऱ्या ओळीला दहा जण ओरडले. ‘बायको माहेराला गेली’ला सगळी वरात दोन्ही हात वर करून हवेत उडाली, आणि त्यात ज्यांच्या खरोखर गेलेल्या होत्या ते सगळ्यांत उंच उडाले.

त्यानंतर नानांना थांबवणं कोणाच्या हातात राहिलं नाही. धुळ्याहून बोलावणं, शिरपूरहून बोलावणं, सावद्याच्या केळीवाल्यांकडून तर साखरपुड्यालाच बोलावणं. माझ्याकडे मंडप ठरवायला आलेली माणसं आधी विचारत, “ते गेलं-गेलंवाले नाना भेटतील का? नाहीतर तारीख बदलतो.” पिणाऱ्यांना तर ते गाणं सुरू झाल्याशिवाय प्यायल्यासारखंच वाटेना. नाना मात्र खूश. “ऐकतायत तरी,” ते म्हणाले. “आजोबांच्या वेळी दगड मारायचे.”

पण चर्चला नवे पाळक आले होते. तरुण, शिकलेले, बोलणं मऊ. त्यांच्या मोबाइलवर धुळ्याच्या एका वरातीचं चित्रीकरण येऊन पडलं. त्यात चर्चचं नाव लिहिलेला ड्रम, लाल कोटातले नाना, आणि ड्रमसमोर डोक्यावर बाटली तोलून नाचणारे जावई. पाळकांनी पंचांची बैठक बोलावली. नानांनी मला बरोबर नेलं, खुर्च्या माझ्याच होत्या म्हणून.

“नाना,” पाळक म्हणाले, “तुमच्या हेतूविषयी शंका नाही. पण या बँडमुळे लोकांची सुटण्याऐवजी लागतेय असं दिसतंय.”

“अजून वेळ आहे,” नाना म्हणाले.

“शंभर वर्षं झाली असतील, नाना.”

“तेच म्हणतोय. आता होईलच.”

बराच खल झाला. शेवटी पाळकांनीच मार्ग काढला. हंगामाच्या सणाला, म्हणजे शेतातलं पहिलं पीक चर्चमध्ये आणून वाहतात आणि मग त्याचा लिलाव करतात त्या दिवशी, नानांनी एक माणूस उभा करायचा. बँडमुळे सुटलेला, जिवंत, आणि स्वतःच्या तोंडानं तसं सांगणारा. नाही आणता आला तर वाद्यं सभागृहातल्या काचेच्या कपाटात जातील आणि बँड बंद.

नाना बाहेर आले, हत्तीवर हात टेकून उभे राहिले. मग म्हणाले, “उखा.”

मला वाटलं त्यांना भोवळ आली. उखाभाऊ माझ्याकडे बांबू रोवायला होता. त्याच्यासारखा खड्डा जिल्ह्यात कोणी खणत नसे आणि त्याच्यासारखं पीतही नसे. मी म्हटलं, “नाना, एखादा नवशिका घ्या. नुकता लागलेला. उखा कशाला?”

“सोपा माणूस सुटला तर लोक म्हणतील आपोआपच सुटला असता. उखा सुटला तर कोणाच्या बापाची बोलायची टाप नाही.”

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी संयम बँड पूर्ण गणवेशात उखाच्या दारासमोर. सूर्य उगवला की ‘घर गेलं’. उखा दार उघडायचा, उंबऱ्यातच नाचायचा, नमस्कार करायचा, आणि दार लावायचा. त्याची बायको सुमनअक्का ओसरीवर भांडी घासत म्हणायची, “नाना, तुमनं वाजवणं चालू ऱ्हाऊ द्या. आधी तो बाहेर नाची ये, आते घरना घर नाचस.” गल्लीतल्या म्हशींनी दूध चोरलं. समोर एक मास्तर राहायचे, आयुष्यभर ताकसुद्धा फुंकून प्यायलेले. ते पंधरा दिवसांनी माझ्या दुकानात आले, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “उखा नेमकी कुठून आणतो हो?”

सण महिन्यावर आला. नानांचा लाल कोट त्यांना सैल व्हायला लागला होता. आणि अशात बँडचा ड्रमवाला याकोब साडीच्या गिरणीत नोकरी लागली म्हणून सुरतेला निघून गेला.

धुळ्याच्या एका लग्नात ड्रम वाजवायला माणूस नव्हता. उखा माझ्याबरोबर मंडप बांधायला आला होता, आणि ठोका त्याच्या हाडातच होता. नानांनी त्याच्या अंगावर ड्रम चढवला. तो ड्रम कोणत्या तरी गोऱ्या धिप्पाड शिपायाच्या मापाचा. उखा पडला बुटका. ड्रमची वरची कड त्याच्या नाकाशी आली, हात दोन्ही बाजूंनी वळसा घालून कसेबसे चामड्यापर्यंत पोचले. पट्ट्याची कडी पाठीमागे, ती स्वतःची स्वतः निघत नाही.

उखा वाजवायला लागला. अर्ध्या तासानं त्याला तहान लागली. मित्रानं बाटली हातात दिली. उखानं हात उचलला. हात ड्रमच्या कडेपर्यंत आला आणि तिथंच थांबला. उखानं वरून प्रयत्न केला, बाजूनं केला, खाली वाकून केला, तर ड्रम टेकून तो स्वतःच गोल फिरला. बाटली आणि तोंड यांच्यामध्ये मिशनचा ड्रम होता.

“आ कर, मी ओततो,” मित्र म्हणाला.

उखानं त्याच्याकडे असं पाहिलं की मित्र दोन पावलं मागे सरला. “दुसराना हातनं नही पेत मी. आजलोंग कोनाकडतून पिनू नही. मान शे मनी.”

नाना दुरून बघत होते. वीज पडल्यावर झाड जसं क्षणभर लख्ख दिसतं तसा त्यांचा चेहरा झाला. लग्न उरकलं, आम्ही टेम्पोनं अमळनेरला आलो, आणि नाना उखाला ड्रमसकट थेट सुमनअक्कासमोर घेऊन गेले.

“अक्का, ही कडी फक्त मागून निघते. तुझ्या ताब्यात.”

सुमनअक्कानं कडीकडे बघितलं. मग नवऱ्याकडे. “कदी काढू?”

“हंगामाचा सण होऊ दे.”

“बरं,” ती म्हणाली आणि जेवायला वाढायला गेली.

त्यापुढचा महिना अमळनेर विसरणार नाही. उखा ड्रम घालून उठायचा, ड्रम घालून बसायचा, भिंतीला टेकून ड्रम घालून झोपायचा. एसटीत कंडक्टरनं त्याला दोन तिकिटं दिली आणि ड्रमला खिडकीची जागा मिळाली. बांबू रोवायला त्याला उलटं उभं राहावं लागे, त्यामुळे त्या हंगामात मी बांधलेले सगळे मंडप दारातल्या लोकांना सोडून पाठीमागच्या उकिरड्याचं स्वागत करत होते. जेवताना सुमनअक्का समोर पाटावर बसून ड्रमवरून त्याच्या तोंडात घास घालायची. लग्नानंतर इतक्या वर्षांत दोघं समोरासमोर बसून पहिल्यांदाच जेवत होती. मध्ये ड्रम होता एवढंच.

पहिल्या आठवड्यात त्याचे हात थरथरायला लागले. काठ्या हातात नसल्या तरी बोटं चामड्याला लागलेली, त्यामुळे ड्रम दिवसभर आपोआप घुमत राहायचा. लांबून आगगाडी यावी तसा. गल्लीला त्याची सवय झाली. मास्तरांना तर त्याशिवाय दुपारची झोप लागेना. आणि एका सकाळी तो आवाज थांबला. सुमनअक्का हातातलं पीठ तसंच घेऊन धावत बाहेर आली. तिला वाटलं, गेला. उखा ओट्यावर बसलेला होता. हात ड्रमवर शांत पडले होते आणि तो त्यांच्याकडे बघत होता, कोणी दुसऱ्याचे हात आणून ठेवल्यासारखा.

त्याच दिवशी मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, “उखा, उकाडा मरणाचा आहे. अक्का पाण्याला गेलीय. देऊ काढून? घटकाभर मोकळा हो.”

त्यानं विचार केला. “राहू द्या शेठ. ड्रममुळे वारा लागत नही.”

त्या उन्हात वारा कुठून लागणार होता हे मी विचारलं नाही.

हंगामाचा सण आला. चर्चमध्ये वेदीसमोर भोपळे, केळीचे घड, कपाशीची बोंडं, वांगी, मक्याची कणसं यांचा ढीग. सगळी मंडळी नव्या कपड्यांत. नाना पहिल्या बाकावर, कोट इस्त्री केलेला, हत्ती मांडीवर, आणि ओठ असे मिटलेले की त्यांना त्या दिवशी फुंकर घालता आली असती की नाही शंका होती. उखा दाराशी आला आणि दारात अडकला. लोकांनी त्याला मागून ढकललं, पुढून ओढलं, शेवटी तिरका करून खेकड्यासारखा आत घेतला. सुमनअक्का त्याच्या मागे, कडीवर हात ठेवून.

पाळकांनी मऊ आवाजात विचारलं, “उखाभाऊ, तुम्ही दारू सोडली?”

उखा खोटं बोलत नसे. पिताना बोलला नव्हता, आता कशाला बोलेल?

“नही,” तो ड्रमच्या कडेवरून म्हणाला. “पोचत नही.”

भोपळ्यांच्या ढिगामागे कोणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळं चर्च. नाना हसले नाहीत. ते वळले नाहीत, हलले नाहीत. मी शेजारी होतो, मला फक्त हत्तीच्या पितळेवर त्यांची बोटं दिसत होती, पांढरी पडलेली.

पंचांपैकी एक जण उभा राहिला. “पाळकसाहेब, हे हृदयपरिवर्तन नाही. ही अडचण आहे.”

तेव्हा नाना उठले. “मडमेनं अडचण चालणार नाही असं सांगितलं नव्हतं.”

“पण उद्या ड्रम काढला तर?”

“तर उद्याचं उद्या. आज त्याला विचारा.”

मागून सुमनअक्काचा आवाज आला, भाजीवालीशी बोलावं तसा साधा. “तुमले काय म्हनानं ते म्हना. मना घरमा महिनाभर ताट फेकाई गयं नही.”

पाळकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “उखाभाऊ, हा ड्रम कोणाचा?”

“बँडना.”

“म्हणजे बँडमुळे,” पाळक पंचांना म्हणाले आणि त्यांनी वाद तिथंच मिटवला. कारण लिलाव खोळंबला होता आणि केळी पिकत होती. “बँड राहील, नाना.”

मला वाटलं, आता नाना छप्पर उडवणार. त्यांनी हत्ती जमिनीवर ठेवला. कोटाची बटणं एकेक करून काढली, कोट उतरवला, घडी घातली, आणि ती घडी पाळकांच्या हातात दिली. आतून एक किरकोळ म्हातारा बाहेर आला. मी त्याला ओळखत नव्हतो.

“काम झालं,” नाना म्हणाले. “एक माणूस. आता कपाटात ठेवा.”

पाळकांनी खूप विनवलं. ज्यांनी बँड बंद करायला बैठक बोलावली होती ते सगळे पंच, बँड चालू ठेवा म्हणून नानांच्या मागे फाटकापर्यंत आले. नाना ऐकेनात. पुढच्या रविवारी सगळी वाद्यं काचेच्या कपाटात गेली, हत्ती मधोमध. ड्रमची जागा तेवढी मोकळी राहिली, कारण ड्रमवर अजून उखा होता.

नाना धुळ्याला लेकीकडे राहायला निघाले तेव्हा मी स्टँडवर होतो. पिशवी एक, अंगात साधा सदरा. खिडकीशी बसले. एसटी निघाली आणि त्या बाजाराच्या सरळ रस्त्यानंच गेली, दुसरा रस्ता तिला माहीत नव्हता. मी दुचाकीवर मागोमाग होतो. ते दुकान आलं तेव्हा नानांनी नाक दाबलं नाही, तोंड फिरवलं नाही. खिडकीतून मान वळवून, दिसेनासं होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले, निवृत्त माणूस आपल्या जुन्या कचेरीकडे बघतो तसे. नानांना मी पाहिलं ते शेवटचं.

पुढच्या उन्हाळ्याआधी ते गेले. धुळ्याला पुरले. त्यानंतर काही दिवसांनी पाळकांनी मला बोलावून घेतलं. कपाट अपुरं दिसतं, म्हणाले, उखा तुमचा माणूस आहे, तुम्हीच सांगा त्याला.

मी दुपारी गेलो. उखा ओसरीवर बसला होता, ड्रम घालून. सुमनअक्का समोर पाटावर, हातात भाकरीचा घास. मी म्हटलं, “उखा, सण केव्हाच झाला. नाना पण गेले. त्यांनी घातलेली मुदत संपली. आता कोण बघायला येतंय? काढून ठेव की.”

सुमनअक्कानं घास ड्रमवरून त्याच्या तोंडात दिला. त्यानं तो नीट चावला, गिळला.

“मंग हात मोकळा व्हई जातस, शेठ,” तो म्हणाला.